पत्ते पिसणारा फिशर

प्लेलिस्टपासून पीक विम्यापर्यंत सगळीकडे वापरली जाणारी एक साधी कृती, आणि तिच्यामागचा अधू डोळ्यांचा, तापट डोक्याचा माणूस. रोनाल्ड फिशरची ही गोष्ट.

पायथनचं एक सेमिस्टर झालेल्या प्रत्येकाला ही गंमत माहिती असते. एक लिस्ट घ्यायची, तिच्यावर रँडम डॉट शफल चालवायचं, ऐटीत उत्तर प्रिंट करायचं. आणि उत्तर म्हणून काहीच मिळत नाही! कारण हे फंक्शन नवी लिस्ट देतच नाही. तुमचीच लिस्ट ते जागच्या जागी ढवळून ठेवतं. हे कळलं की आपण पुढच्या प्रॉब्लेमकडे वळतो.

पण तिथे एक मिनिट थांबा. ढवळणं म्हणजे नेमकं काय? आजीसोबत पत्ते खेळताना ती गड्डी पिसते, आपण काटतो, आणि गड्डी नीट पिसली गेली असं समजून चालतो. कॉम्प्युटरला असं समजून चालता येत नाही. त्याला पक्का नियम लागतो. पाच नावांचे १२० वेगवेगळे क्रम लागू शकतात. शफल प्रामाणिक असेल, तर त्या १२० पैकी प्रत्येक क्रमाला अगदी सारखी संधी मिळायला हवी. एकालाही तीळभर जास्त नाही, तीळभर कमी नाही.

ही गोष्ट पार पाडणाऱ्या कृतीचं नाव आहे फिशर-येट्स शफल. पायथन असो की जावा, तयार शफल फंक्शनच्या पोटात हीच कृती बसलेली असते. ती पहिल्यांदा छापली गेली १९३८ मध्ये. तेव्हा लॅपटॉप सोडाच, आज ज्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो तसं यंत्रही नव्हतं. होतं काय, तर कागद, पेन्सिल आणि शेतात टाकायचं खत.

अंधारातलं गणित

रोनाल्ड आयल्मर फिशरचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० चा, लंडनच्या ईस्ट फिंचली भागातला. खरं तर ती जुळी मुलं होती. आधी जन्मलेलं बाळ मृत होतं, दुसरा रोनाल्ड वाचला. वडील कलावस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका नामांकित पेढीत भागीदार होते. घर मोठं होतं, पैसा होता. रोनाल्ड १४ वर्षांचा असताना आई वारली. त्यानंतर थोड्याच काळात वडिलांचा धंदा बुडाला. मोठं घर गेलं. पुढचं शिक्षण स्कॉलरशिपवर करायची वेळ आली.

त्यात डोळे. रोनाल्डची नजर इतकी अधू होती, की विजेच्या दिव्याखाली वाचायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. हॅरो नावाच्या बड्या शाळेत तो शिकत होता, आणि संध्याकाळची शिकवणी कागद-पेन्सिल न वापरता चालायची. शिक्षक बोलणार, हा ऐकणार, आणि आकृत्या डोक्यातच काढणार. तुम्ही कधी डोळे मिटून भूमितीचं प्रमेय सोडवून बघितलंय? हा मुलगा वर्षानुवर्षं तेच करत होता.

त्याचा परिणाम आयुष्यभर राहिला. फिशरला गणिताचं उत्तर आधी दिसायचं, मग तो ते लिहायचा. मधल्या पायऱ्या त्याला इतक्या उघड वाटायच्या, की पेपरमध्ये त्या गाळल्या जायच्या. वाचणारे वैतागायचे. मोठमोठ्या गणितज्ञांनाही त्याचं एकेक पान समजून घ्यायला दिवस घालवावे लागले. आणि कोणी शंका काढलीच, तर फिशरचा पारा चढायचा. त्याच्या रागाचे किस्से त्याच्या शोधांइतकेच प्रसिद्ध आहेत.

१९०९ मध्ये स्कॉलरशिप मिळवून तो केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात गेला आणि १९१२ मध्ये गणितात पदवीधर झाला. म्हणजे आज तुमच्यापैकी अनेक जण ज्या वयात आहेत, त्याच वयात. त्याच वर्षी त्याचा पहिला शोधनिबंध आला. हाती असलेल्या आकड्यांवरून मूळ संख्येचा सर्वांत चांगला अंदाज कसा बांधायचा, याची जी पद्धत आज मशीन लर्निंगच्या अभ्यासक्रमात मॅक्सिमम लाइकलिहूड म्हणून शिकवतात, तिचं बीज त्या निबंधात आहे.

डिग्री आहे, पण पुढे काय?

पुढची सात वर्षं मात्र भलतीच विस्कळीत गेली. काही महिने कॅनडात एका शेतावर काम, मग लंडनमधल्या एका गुंतवणूक कंपनीत आकडेमोडीची नोकरी. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. फिशरला सैन्यात जायचंच होतं. डोळ्यांमुळे नकार मिळाला. मग शाळांमध्ये गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचं काम मिळालं, जे त्याला अजिबात आवडलं नाही. आणि मुलांनाही तो शिक्षक म्हणून फारसा झेपला नसणार!

१९१७ मध्ये त्याने रूथ आयलीन गिनेसशी लग्न केलं. ती नुकतीच १७ वर्षांची झाली होती आणि लग्न तिच्या आईला न सांगता झालं. शाळेतल्या नोकरीच्या जोडीला दोघं छोटीशी शेती करायचे, जनावरं पाळायचे. दिवसा वर्ग, संध्याकाळी गोठा, आणि उरलेल्या वेळात गणित.

या धबडग्यात त्याने १९१८ मध्ये एक निबंध लिहिला, जो आज आनुवंशशास्त्राचा पाया मानला जातो. मेंडेलचे वाटाणे आठवतात ना? उंच किंवा बुटका, पिवळा किंवा हिरवा, असे सरळ दोन तुकडे. पण माणसाची उंची तशी दोन खणांत बसत नाही. मग मेंडेलचे नियम माणसाला लागू पडतात की नाही, यावर तेव्हा मोठं भांडण चालू होतं. फिशरने गणिताने दाखवलं, की अनेक जनुकांचा छोटा छोटा परिणाम एकत्र झाला तर उंचीसारखा सलग बदलणारा गुण तयार होतो. भांडणाचं कारणच संपलं. आकडे किती विखुरले आहेत हे मोजणारा व्हेरियन्स हा शब्दही याच निबंधातून रूढ झाला.

शेतातला प्रॉब्लेम

१९१९ मध्ये फिशरसमोर नोकरीचे दोन पर्याय होते. एक लंडनमध्ये, कार्ल पिअर्सनच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेत. पिअर्सन म्हणजे तेव्हाचा संख्याशास्त्राचा अनभिषिक्त राजा. दुसरा पर्याय होता लंडनबाहेर हार्पेनडेन गावातलं रॉथमस्टेड हे शेती संशोधन केंद्र. तिथली नोकरी सुरुवातीला तात्पुरती होती. फिशरने रॉथमस्टेड निवडलं. पिअर्सनच्या हाताखाली आपल्याला मोकळेपणी काम करता येणार नाही, हे त्याला कळत होतं. तुमच्यासमोर मोठ्या नावाची कंपनी आणि आडगावची मोकळीक असे दोन पर्याय कधी आले, तर ही निवड आठवून बघा.

रॉथमस्टेडला १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतावर खतांचे प्रयोग चालू होते. सत्तरहून जास्त वर्षांच्या नोंदी वह्यांमध्ये पडून होत्या. कुठल्या पट्ट्यात कुठलं खत, किती पाऊस, किती उतारा. फिशरने मिलिअनेअर नावाचं हाताने फिरवायचं गणकयंत्र घेतलं आणि वह्या उपसायला सुरुवात केली. आजच्या भाषेत त्याला पहिला डेटा सायंटिस्ट म्हणायला हरकत नाही.

वह्या उपसताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. शेत कधीच सारखं नसतं. एका कोपऱ्यात पाणी साठतं, बांधाजवळ सावली पडते, मध्येच मुरमाड पट्टा लागतो. गावाकडे शेती असेल तर हे तुम्हाला कोणी वेगळं सांगायला नको. आता समजा तुम्ही दोन खतं तपासताय. पहिलं खत डाव्या अर्ध्या शेतात टाकलं, दुसरं उजव्या. डावीकडे पीक जास्त आलं. हे खतामुळे झालं, की डावीकडची जमीनच चांगली होती? उत्तर देता येत नाही. आकडेमोड कितीही करा, प्रयोग मुळातच वाया गेलेला असतो.

यावर तेव्हाचे जाणकार काय करायचे? आपल्या अनुभवाने नीट मांडणी करायचे. एक पट्टा हा, एक पट्टा तो, असं आलटून-पालटून. दिसायला हे अगदी न्याय्य वाटतं. फिशरला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की जमिनीतही ठरावीक अंतराने काही बदल असतील, तर तुमची व्यवस्थित मांडणी नेमकी त्यांच्याशी जुळून बसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. शिवाय मांडणी करणारा माणूस शेवटी माणूसच. कळत नकळत त्याच्या आवडत्या खताला बरा तुकडा जाणारच.

मग कुठल्या तुकड्यात कुठलं खत हे ठरवायचं कोणी? फिशरचं उत्तर त्या काळच्या शास्त्रज्ञांना धक्का देणारं होतं. कोणीच ठरवायचं नाही. पत्ते पिसा, चिठ्ठ्या काढा, आणि चिठ्ठीत येईल ते मान्य करा. शास्त्रीय प्रयोगात जुगाराच्या अड्ड्यावरची साधनं! पण त्यात पक्कं गणित होतं. चिठ्ठीने वाटणी केली, की जमिनीचा चांगला-वाईटपणा दोन्ही खतांच्या वाट्याला येण्याची शक्यता सारखी होते. आणि तरीही निव्वळ योगायोगाने किती फरक पडू शकतो, हे नेमकं मोजता येतं. मोजता आलं, की त्याहून मोठा फरक दिसल्यावर तुम्ही ठामपणे म्हणू शकता, हा खताचाच परिणाम.

सगळ्यांना हे मान्य झालं नाही. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करणारा विल्यम गॉसेट, ज्याची टी टेस्ट तुम्ही स्टुडंट या टोपणनावाने शिकता, तो फिशरचा चांगला मित्र होता. तरीही अनुभवी माणसाने केलेली समतोल मांडणीच चांगली, यावर तो शेवटपर्यंत ठाम राहिला. दोघांचा वाद चालू राहिला आणि मैत्रीही.

आठ कप चहा

फिशरची ही कल्पना शेतापेक्षा चहाच्या टेबलावर लवकर समजते. रॉथमस्टेडला डॉ. म्युरिअल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ होत्या, शेवाळांच्या अभ्यासक. कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. आपल्याकडे असं कोणी म्हटलं असतं तर कट्ट्यावर दिवसभर खेचाखेची झाली असती. तिथे त्याचा प्रयोग झाला.

पुढे १९३५ मध्ये प्रयोगांची रचना कशी करावी यावर फिशरने जे पुस्तक लिहिलं, त्यात हाच चहा मुख्य उदाहरण म्हणून आला, ब्रिस्टल यांचं नाव न घेता. आठ कप. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. कप कुठल्या क्रमाने पुढे येणार, हे नशिबावर सोडायचं. आठांतून चार कप निवडायचे ७० प्रकार होतात. म्हणजे काहीच कळत नसताना नुसत्या अंदाजाने सगळे कप बरोबर ओळखायची शक्यता ७० त १. कोणी सगळे ओळखले, तर तो नुसता योगायोग नाही असं मानायला जागा आहे.

इथे क्रम चिठ्ठीने लावणं का गरजेचं, ते बघा. एक दूधवाला, एक चहावाला असा आलटून-पालटून क्रम लावला असता, तर समोरच्याने चव न घेता नुसता पॅटर्न ओळखला असता. चिठ्ठीचा पॅटर्न नसतोच, त्यामुळे तो ओळखणार कोण? ब्रिस्टल यांनी आठही कप बरोबर ओळखले, असं नंतर सांगितलं गेलं. फिशरच्या पुस्तकात निकालच दिलेला नाही. त्याला चहाशी देणंघेणं नव्हतं, प्रश्न नीट कसा विचारायचा याच्याशी होतं.

कागदावरचं शफल

चिठ्ठ्या काढा म्हणणं सोपं आहे. रोज शेकडो तुकड्यांसाठी चिठ्ठ्या काढायच्या म्हणजे डोकेदुखी. आणि हाताने पिसलेली गड्डी खरंच पिसली गेली का, याची खात्री नाही. म्हणून फिशरने फ्रँक येट्सला सोबत घेतलं. येट्स १९३१ मध्ये रॉथमस्टेडला त्याचा सहकारी म्हणून आला आणि फिशर लंडनला प्राध्यापक म्हणून गेल्यावर दोन वर्षांतच विभागप्रमुख झाला. दोघांनी १९३८ मध्ये संशोधकांसाठी कोष्टकांचं एक पुस्तक काढलं. त्यात १५,००० यादृच्छिक अंक छापले होते आणि ते वापरून कुठलीही यादी कशी पिसायची, याची कृती दिली होती.

ती कृती इतकी सोपी आहे, की आत्ता करून बघा. व्हायव्हाला नेहमी रोल नंबरप्रमाणे बोलावतात आणि अ वरून नाव असलेल्यांची दरवेळी पहिली विकेट पडते, बरोबर? आपण ते बदलू. पाच नावं लिहा: अमेय, भक्ती, चिन्मय, दीपा, ईशान. आता १ ते ५ मधला एक यादृच्छिक अंक घ्या. समजा ३ आला. तिसरं नाव चिन्मय. त्यावर काट मारा आणि नव्या यादीत पहिलं लिहा. चार नावं उरली. आता १ ते ४ मधला अंक घ्या. ४ आला. काट न मारलेल्यांत चौथा ईशान. मग १ ते ३ मधून १ आला, तर अमेय. मग १ ते २ मधून २ आला, तर दीपा. उरली भक्ती. नवा क्रम तयार: चिन्मय, ईशान, अमेय, दीपा, भक्ती.

पहिल्या वेळी ५ पर्याय, मग ४, मग ३, मग २, मग १. गुणाकार १२०. क्रमही १२०. प्रत्येक क्रमाकडे जाणारी वाट एकच, म्हणून प्रत्येकाला संधी सारखी. झालं. हीच सगळी जादू.

यात थोडा जरी बदल केला तरी न्याय बिघडतो. समजा तुम्ही स्वतः कोड लिहिलं: तीन पत्ते घ्या, आणि प्रत्येक पत्त्याची तिन्हींपैकी कुठल्याही जागेशी अदलाबदल करा. ऐकायला जास्तच रँडम वाटतं ना? पण इथे वाटा होतात ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७. क्रम मात्र ६ च. २७ ला ६ ने भाग जात नाही. त्यामुळे तीन क्रमांच्या वाट्याला ५ वाटा येतात आणि तीन क्रमांच्या वाट्याला ४. पत्ते पिसले गेल्यासारखे दिसतात, पण गड्डी लागलेली असते.

हा नुसता वहीतला हिशेब नाही. २०१० मध्ये युरोपात मायक्रोसॉफ्टला विंडोज वापरणाऱ्यांसमोर वेगवेगळे ब्राउझर यादृच्छिक क्रमाने दाखवायचे होते, कुणा एकाला झुकतं माप नको म्हणून. त्या पानावरचं शफल चुकीच्या पद्धतीने लिहिलेलं निघालं. काही ब्राउझर ठरावीक जागी वारंवार येत होते. नंतर ते दुरुस्त करावं लागलं.

फिशर-येट्सच्या कागदी कृतीला कॉम्प्युटरवर आणलं रिचर्ड डर्स्टनफेल्डने, १९६४ मध्ये. काट मारून पुन्हा पुन्हा मोजत बसण्याऐवजी निवडलेलं नाव थेट यादीच्या शेवटच्या मोकळ्या जागेवरच्या नावाशी अदलाबदल करायचं. एक लाख नावं असतील, तर मोजत बसण्याच्या पद्धतीला शेकडो कोटी पावलं लागतील. या पद्धतीत साधारण एक लाख अदलाबदलींत काम होतं. पुढे डोनाल्ड नथच्या प्रसिद्ध ग्रंथामुळे ती सगळीकडे पोचली. लिस्ट जागच्या जागी ढवळली जाते, याचं कारण ही अदलाबदल.

आपल्या बांधावर

या गोष्टीचा आपल्याशी संबंध काय, असं वाटत असेल तर एखाद्या कृषी महाविद्यालयातल्या मित्राला विचारा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठेही. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजेच त्यांची आरबीडी, फिशरची. आणि ती शिकवणारं पुस्तक बहुतेक वेळा पानसे-सुखात्मे. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांनी १९५४ मध्ये लिहिलेलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीएचडीला गेले, तेव्हा फिशर तिथेच प्राध्यापक होता. भारतात परतल्यावर सुखात्मे यांनी पिकाच्या उताऱ्याचा अंदाज बांधण्यासाठी यादृच्छिक निवडीने पीक कापणी प्रयोग करण्याची पद्धत रुजवली. आज पीक विम्याची चर्चा निघाली की गावात ज्या पीक कापणी प्रयोगावर वाद होतो, तो हाच. कुठला गट नंबर, शेतातली कुठली जागा, हे यादृच्छिक अंकांनी ठरावं अशी त्यात अपेक्षा असते. सोयीचा बांध निवडला, की अंदाज चुकला आणि शेतकऱ्याचं नुकसान झालं.

फिशर स्वतःही भारतात आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात उभारलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेशी त्याचे जवळचे संबंध होते. जानेवारी १९३८ मध्ये तिथे भरलेल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचं अध्यक्षपद त्याने भूषवलं आणि नंतरही तो अनेकदा येत राहिला. सी. आर. राव यांनी केंब्रिजमध्ये त्याच्याच मार्गदर्शनाखाली १९४८ मध्ये पीएचडी मिळवली. गंमत म्हणजे, फिशर-येट्सच्या कोष्टकांच्या पुढच्या एका आवृत्तीत पिसण्याची जी वेगळी कृती आली, ती राव यांची होती.

लागलेली गड्डी

इथपर्यंत वाचून फिशर आवडायला लागला असेल. पण गोष्ट अर्धी सांगून भागणार नाही.

विद्यार्थी असतानाच, १९११ मध्ये, त्याने केंब्रिजमध्ये सुप्रजननवाद्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. माणसांचे चांगल्या वाणाचे आणि कमअस्सल वाणाचे असे प्रकार असतात, आणि चांगल्यांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, अशी ती विचारसरणी. तेव्हा ती बऱ्याच सुशिक्षितांना पटायची, पण फिशरने ती आयुष्यभर धरून ठेवली. १९३० मधल्या नैसर्गिक निवडीवरच्या त्याच्या गाजलेल्या ग्रंथाचा जवळजवळ तिसरा हिस्सा याच विषयावर आहे. मतिमंद ठरवलेल्यांच्या नसबंदीला, ऐच्छिक का होईना, कायदेशीर मान्यता मिळावी म्हणून झटणाऱ्या समितीत तो होता. हिटलरच्या छळछावण्या जगाने बघितल्यानंतर युनेस्कोने वंशभेदाविरुद्ध निवेदन काढलं. मानवी गटांच्या जन्मजात क्षमता वेगवेगळ्या असतात, असं म्हणत फिशरने त्यावर आक्षेप घेतला. आणि हाच माणूस भारतीय विद्यार्थ्यांना शिकवत होता, भारतीय मित्रांकडे मुक्कामाला येत होता. दोन्ही खरं आहे.

दुसरी गोष्ट सिगारेटची. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. फिशरने, जो स्वतः पाइप ओढायचा, त्याला जाहीर विरोध केला. त्याचा मुद्दा असा: दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कदाचित एखादं जनुकच सिगारेटची ओढही लावत असेल आणि कॅन्सरही देत असेल. कोणी चिठ्ठ्या टाकून माणसांना ओढणारे आणि न ओढणारे असं वाटलेलं नाही, मग खात्री कशी? तर्क म्हणून मुद्दा बिनतोड होता. पण असा प्रयोग माणसांवर करताच येत नाही, आणि तोवर इतर सगळ्या बाजूंनी पुरावे येऊन एकाच जागी मिळत होते. फिशर ते बघायला तयार नव्हता. तो तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागार होता, हेही इथे सांगायला हवं.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे. आईकडून कुठलं जनुक आलं आणि वडिलांकडून कुठलं, हे निसर्ग दर पिढीला नव्याने पत्ते पिसून ठरवतो. हे फिशरइतकं नीट त्या काळात क्वचितच कोणाला समजलं असेल. शेतातल्या प्रयोगात माणसाच्या पूर्वग्रहाला शिरायला जागाच ठेवायची नाही, हा नियम त्याचाच. पण माणसांचा विषय निघाला, की तो स्वतःच्या पसंतीने गड्डी लावायला बसायचा. आपल्या मनावर विश्वास ठेवू नका असं त्याने जगाला शिकवलं, आणि आपल्या मनावर मात्र पूर्ण विश्वास ठेवला.

शेवट, आणि नंतर

खासगी आयुष्यही सरळ गेलं नाही. मोठा मुलगा जॉर्ज हवाई दलात होता. १९४३ मध्ये तो मारला गेला. त्याच सुमारास संसारही मोडला. त्याच वर्षी फिशर आनुवंशशास्त्राचा प्राध्यापक म्हणून केंब्रिजला परतला आणि पुढची बरीच वर्षं कॉलेजच्या खोल्यांमध्ये राहिला. १९५२ मध्ये तो सर झाला. निवृत्तीनंतर ऑस्ट्रेलियात अॅडलेडला गेला आणि २९ जुलै १९६२ रोजी आतड्याच्या कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियेनंतर तिथेच वारला. शफलचं कॉम्प्युटरवरचं रूप यायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती.

त्याच्या कॉलेजच्या भोजनगृहात नंतर त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली होती. सात रंगांचा चौकोन, शेतातल्या प्रयोगांच्या मांडणीचा. २०२० मध्ये त्याच्या सुप्रजननवादी विचारांवरून आवाज उठला आणि कॉलेजने ती खिडकी काढून टाकली. काढली ते बरोबर की चूक, यावर तुमच्या वर्गात वाद घालून बघा. तास पुरणार नाही.

शफल मात्र काढता येत नाही. आरटीईच्या प्रवेशाची सोडत असो, म्हाडाच्या घरांची असो, किंवा नवं औषध कुठल्या रुग्णाला द्यायचं आणि कुठल्या रुग्णाला नाही हे ठरवणारी चाचणी असो, आपण भांडतो ते एकाच गोष्टीसाठी. चिठ्ठी खरीखुरी निघाली पाहिजे. वशिला नको, ओळख नको, आडनाव बघून क्रम नको. तिथे कोणी विचारलं की पद्धत काय वापरली, तर तो आगाऊपणा नाही. तो फिशरनेच शिकवलेला प्रश्न आहे, आणि तो फिशरलाही विचारता येतो.

आज कॉलेजातून घरी गेलात की एक करा. पायथनच्या रँडम मोड्यूलचं सोर्स कोड सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यात शफल शोधा. नेमकं काम करणाऱ्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. शेवटच्या जागेपासून सुरुवात, एक यादृच्छिक अंक, एक अदलाबदल, आणि पुन्हा तेच. वहीत पाच नावं लिहून हाताने तेच करा. दोन्हींत एकच कृती चाललेली दिसेल.